अंधारखोलीचा प्रवास

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीपर्यंत ‘रोल धुवायला टाकला आहे’ हे वाक्य घराघरांत ऐकू येई. लग्न झाले, सहल झाली, की रोल गावातल्या स्टुडिओत जाई आणि काही दिवसांनी फोटो हातात पडत. मधल्या काळात त्या रोलचे नेमके काय होते, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नसे. ‘धुणे’ या शब्दानेच तो मिटवला होता. कपडा धुतला की मळ जातो आणि मूळ रंग दिसतो, तसेच फोटोचे असणार, असे वाटायचे.

प्रत्यक्षात पहिल्या द्रावणात रोल बुडवतो तेव्हा काहीच धुतले जात नाही. उलट नवीन काहीतरी तयार होते. हे काम आधी तंबूत, मग दूरच्या कारखान्यात, मग घरात आणि पुन्हा कारखान्यात असे फिरत राहिले. या फिरण्याचा इतिहास पाहिला, तर विज्ञानाची कोणती कृती टिकते आणि कोणती नाहीशी होते, हेही कळते. सुरुवात आपल्याच राज्याच्या पूर्व टोकापासून करू.

विरजणाचा चमत्कार

त्याआधी थोडे रसायनशास्त्र. फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण विखुरलेले असतात. कॅमेऱ्याची झडप क्षणभर उघडते. ज्या कणांवर पुरेसा प्रकाश पडतो, त्यांत चांदीचे अगदी मोजके अणू मोकळे होतात. एका कणात अब्जावधी अणू असतात, त्यातले हे चार-पाच. डोळ्यांना काहीही दिसत नाही. या न दिसणाऱ्या चित्राला ‘गुप्त प्रतिमा’ म्हणतात.

दुधाच्या पातेल्यात चमचाभर विरजण घातले की सकाळपर्यंत सगळ्या दुधाचे दही होते. शेजारच्या बिनविरजणाच्या पातेल्यातले दूध मात्र तितक्या वेळात दूधच राहते. इथे तसेच घडते. डेव्हलपर हे सौम्य क्षपणकारी द्रावण असते. ज्या कणात चांदीच्या अणूंचे विरजण लागले आहे, तो सबंध कण ते काळ्या चांदीत बदलते. विरजण नसलेल्या कणांना ते सहसा हात लावत नाही. फार वेळ ठेवले तर तेही काळे पडू लागतात, म्हणून घड्याळ लावून काम करायचे.

त्यानंतर हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे द्रावण. न बदललेले सिल्व्हर ब्रोमाइड त्यात विरघळून निघून जाते आणि मग फिल्म उजेडात आणता येते. थायोसल्फेटच्या द्रावणात चांदीचे क्षार विरघळतात, हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये दाखवले होते. त्याचा उपयोग छायाचित्रणाला व्हायला १८३९ साल उजाडावे लागले. ‘धुणे’ म्हणता येईल ते यापुढचे, हायपो काढून टाकण्यासाठी फिल्म साध्या पाण्यात धरण्याचे काम.

मार्कंड्याला आलेला कॅमेरा

आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर मार्कंडा आहे. इथे नदी उत्तरवाहिनी होते. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. काठावरच्या आवारात दहाव्या-अकराव्या शतकांच्या आसपासच्या कोरीव दगडी देवळांचा समूह आहे. मुख्य देवळावर वीज पडून शिखराचा भाग कोसळल्याची नोंद जुन्या अहवालांत आढळते.

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यात मोडत असे. १८७३-७४ च्या दौऱ्यात पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांचे सहायक जोसेफ डेव्हिड बेगलर यांनी मार्कंड्याच्या देवळांची छायाचित्रे घेतली. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दीडशे वर्षांपूर्वी कोणता दगड कुठे होता, काय पडले होते आणि काय उभे होते, याचा तो पुरावा आहे. अशा देवळाच्या डागडुजीचा विचार करताना शब्दांतल्या वर्णनापेक्षा अशी छायाचित्रे जास्त कामाला येतात.

त्या काळी छायाचित्रणाची सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे ओल्या काचेची पद्धत. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने ती १८५१ मध्ये प्रसिद्ध केली. ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला नायट्रेटयुक्त कापूस, म्हणजे कोलोडियन, आणि त्यात आयोडाइडचे क्षार असे मिश्रण काचेवर ओतून पसरायचे. मग अंधारात काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे आणि ओली असतानाच प्रतिमा उमटवून घ्यायची. थर वाळला की काच निकामी.

म्हणजे देऊळ जिथे, अंधारखोलीही तिथेच हवी. दौऱ्यावरचा छायाचित्रकार काळ्या कापडाचा तंबू, काचा, बाटल्या, वाडगी आणि पाण्याची भांडी बरोबर घेऊन निघे. नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ मध्ये आली होती, पण मार्कंड्यासारख्या गावाला जायचे तर पुढे बैलगाडीला आणि ओझेवाल्यांना पर्याय नव्हता. चित्राखाली नाव छायाचित्रकाराचे राहिले. काचेच्या पेट्या उचलणाऱ्यांची आणि पाणी आणणाऱ्यांची नावे राहिली नाहीत.

पाणीही कसले तरी चालत नसे. पाण्यात क्लोराइड असेल तर सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण दुधासारखे गढूळ होते. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण क्लोराइडची जी परीक्षा मुलांना दाखवतो, तीच इथे छायाचित्रकाराचे नुकसान करी. म्हणून पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी जपून वापरत.

आणि उष्णता! ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दुपारी पारा याच्या कितीतरी वर असतो, ४५ अंशांच्याही पुढे जातो. अशा हवेत काचेवर कोलोडियन पसरेपर्यंत ईथर उडून जाणार. हिवाळ्यातही काच वाळण्यापूर्वीची मोजकी मिनिटेच हाताशी असत.

या पद्धतीचा आणखी एक परिणाम जुन्या चित्रांत दिसतो. या काचेला निळा प्रकाश जाणवे. हिरवा आणि तांबडा जवळजवळ जाणवत नसे. म्हणून त्या चित्रांत आकाश पांढरेफटक येई आणि झाडी काळपट येई. आपल्या जंगलाचा हिरवा रंग काचेला नीट दिसतच नव्हता. योगायोग असा की, बेगलर यांचा दौरा झाला त्याच १८७३ साली जर्मनीत हर्मान फोगेल यांना, थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळल्यास तो हिरवा प्रकाशही टिपतो, असा शोध लागला.

मात्र एक मोठा फायदा होता. चित्र घेणाऱ्याला काही मिनिटांत आपली चूक कळे. प्रकाश कमी पडला, कॅमेरा हलला, तर देवळासमोर उभे असतानाच दुसरी काच तयार करता येई. प्रयोग आणि निष्कर्ष यांत अंतर नव्हते.

कळ तुम्ही दाबा

१८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने कोलोडियनऐवजी जिलेटिन वापरण्याची कल्पना मांडली. पुढच्या काही वर्षांत कोरडी काच बाजारात आली. ती आधी तयार करून ठेवता येई आणि चित्र घेतल्यावर सवडीने उमटवता येई. तंबूची गरज संपली.

१८८८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा आणला. किंमत २५ डॉलर, आत १०० चित्रांची गुंडाळी. चित्रे संपली की कॅमेराच रोचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. फोटो आणि नव्या गुंडाळीसह तो परत येई. ग्राहकाने फक्त कळ दाबायची, बाकीचे आम्ही करू, अशी कंपनीची जाहिरात होती.

छायाचित्रण लाखो लोकांच्या हाती गेले ते यामुळेच, ही मोठी गोष्ट झाली. पण ते दोन तुकड्यांत विभागले गेले. चित्र घेणारा एकीकडे आणि प्रतिमा उमटवणारा दुसरीकडे. ‘बाकीचे’ या एका शब्दात सगळे रसायनशास्त्र गेले.

याच्या कितीतरी आधी मुंबईत वेगळे वारे वाहत होते, हे शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आपल्याकडे हा शाळेत शिकवण्याचा विषय होता. आणि शिकायचे म्हणजे कळ दाबण्याबरोबर द्रावणे बनवणेही आलेच.

दादरचे घर

अंधारखोली घरात आणल्याचे आपल्याकडचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकलेले फाळके १९०३ च्या सुमारास पुरातत्त्व खात्यातही नोकरीला होते. म्हणजे बेगलर यांनी जिथे काम केले, त्याच खात्यात. १९११ मध्ये त्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. परतले ते विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची व्यवस्था करूनच.

तेव्हा कच्ची फिल्म बिनछिद्रांची मिळे. कॅमेऱ्याच्या दात्यांत ती बसण्यासाठी दोन्ही कडांना नेमक्या अंतरावर छिद्रे पाडावी लागत, तीही अंधारात. हे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. फिल्म उमटवण्याची रसायने कालवणे, फिल्म त्यांतून काढणे हेही त्या करू लागल्या. घरातल्या माणसांचे जेवणखाण सांभाळून रात्री हे काम चाले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला, त्यामागे दादरच्या घरातील ही अंधारखोली होती.

त्याआधी फाळक्यांनी केलेला छोटा प्रयोग तर आपल्या वर्गासाठीच केल्यासारखा आहे. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी रोपाची रोज थोडी थोडी चित्रे महिनाभराहून अधिक काळ घेतली. पडद्यावर ती सलग दाखवली, तेव्हा अंकुर डोळ्यांदेखत वाढताना दिसला. हा लघुपट पाहून भांडवल देणारा माणूस पुढे आला. फिल्म कारखान्यात पाठवून वाट बघत बसावे लागले असते, तर असा प्रयोग करणे अवघड होते. घरीच उमटवता येत असल्याने चूक कुठे झाली ते लगेच कळत होते.

लाल खिडकीचे रहस्य

१९०१ मध्ये कोडॅकने १२० क्रमांकाचा रोल आणला. तो आजही तयार होतो. भारतात बनणाऱ्या आग्फा क्लिक थ्री या कॅमेऱ्यात हाच रोल लागे आणि त्यावर बारा चौकोनी चित्रे येत. असे कॅमेरे आजही जुन्या घरांतल्या ट्रंकांत सापडतात.

अशा कॅमेऱ्याच्या पाठीवर छोटी लाल खिडकी असते. तिच्यातून रोलमागच्या कागदावरचा आकडा दिसतो. उजेड आत जाऊन फिल्म खराब कशी होत नाही? कारण जुन्या फिल्मला तांबडा प्रकाश जाणवतच नसे. म्हणूनच अंधारखोलीत लाल दिवा चाले. पुढे सर्व रंग टिपणारी फिल्म आली आणि लाल दिवा तिच्यासाठी घातक ठरला. आज जुन्या कॅमेऱ्यात नवी फिल्म घालायची तर खिडकीवर काळी चिकटपट्टी लावावी आणि रोल पुढे सरकवताना तेवढी, सावलीत, ती उचलावी.

ट्रंकेतल्या कॅमेऱ्यात रोल शिल्लक असेल, तर पाठ उघडण्याची घाई नको. मूठ हळूच फिरवून पाहावी. अडखळत फिरली तर आत रोल आहे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने गुप्त प्रतिमा फिकी झालेली असेल, पण बऱ्याचदा ती पूर्ण नाहीशी होत नाही. क्षणभराचा उजेड मात्र ती कायमची घालवतो.

माठ, तुरटी आणि कॉफी

प्रतिमा उमटवण्याचे प्रमाण तापमान २० अंश मानतात. ते एका अंशाने वाढले की वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी करावी लागते. २७ अंशांना ती निम्म्यावर येते. त्याच्याही पुढे काम इतके घाईचे होते की डाग पडतात. तिशी ओलांडली की जिलेटिनचा थर फुगून मऊ होतो आणि फिल्मवरून सुटूही शकतो. चंद्रपुरात मे महिन्यात नळाचे पाणी कसे असते, हे तिथल्या शिक्षकांना सांगायला नको.

उष्ण प्रदेशांतल्या छायाचित्रकारांनी यावर उपाय शोधले होते. थर फुगू नये म्हणून डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालत आणि थर कडक होण्यासाठी हायपोच्या द्रावणात तुरटीचा वापर करत. आपल्याला त्याहून सोपा मार्ग आहे : डिसेंबर-जानेवारीची पहाट. आणि उन्हाळ्यातच करायचे असेल, तर माठ. कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होते, म्हणून विदर्भात माठातले पाणी चांगले गार होते. द्रावणाची बाटली माठातल्या पाण्यात उभी ठेवून तापमापीवर लक्ष ठेवायचे.

डेव्हलपर तरी कुठून आणायचा? १९९५ मध्ये रोचेस्टरच्या तंत्रज्ञान संस्थेतील स्कॉट विल्यम्स यांनी विद्यार्थ्यांसह एक गमतीचा शोध घेतला. चहा-कॉफीत फिनॉल वर्गातील संयुगे असतात आणि बाजारातले बहुतेक डेव्हलपरही त्याच कुळातले. मग कॉफीत फिल्म का उमटू नये? धुण्याचा सोडा घालून द्रावण अल्कधर्मी केले आणि फिल्म उमटली. पुढे इतरांनी त्यात क जीवनसत्त्व घालून वेळ कमी केला.

आज प्रचलित असलेले एक प्रमाण असे : एक लिटर पाण्याला निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्वाची शुद्ध पूड १६ ग्रॅम आणि झटपट विरघळणारी कॉफी ४० ग्रॅम. याच क्रमाने, एक पूर्ण विरघळल्यावर दुसरे. २० अंशांना सुमारे १५ मिनिटे. कॉफीत चिकोरी मिसळलेली नसावी. सोडा स्फटिकरूप असेल तर दहा रेणू पाणी धरून त्याचे रेणुवस्तुमान १०६ ऐवजी २८६ होते. किती घ्यावा लागेल हे गणित मुलांनाच करू द्या. उत्तर साधारण १४६ ग्रॅम येईल.

डेव्हलपिंग टाकी असेल तर रोल अंधारात तिच्यात भरेपर्यंतच काळोख लागतो, पुढचे सगळे उजेडात होते. टाकी नसेल तर पूर्ण अंधारात रोलची दोन टोके दोन हातांत धरून, पाळण्यासारखा झोका देत तो वाडग्यातल्या द्रावणातून फिरवायचा. घरी काम करणाऱ्यांची ही जुनी रीत आहे. नंतर एकदा पाणी, मग लिटरला २०० ग्रॅम हायपोच्या द्रावणात १० मिनिटे आणि शेवटी बदलत्या पाण्यात अर्धा तास. हातमोजे घाला आणि ही भांडी पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

काय टिकले, काय गेले

१९६० मध्ये स्थापन झालेली उटकमंडची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ‘इंदू’ नावाने फिल्म बनवत असे. ती बंद पडली. कोडॅकची कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ पासून जगभर नावाजलेली होती. ती उमटवण्याची प्रक्रिया इतकी गुंतागुंतीची की, थोड्याच प्रयोगशाळांना ती जमे. शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस हे काम थांबवले. आज एखाद्या ट्रंकेत कोडाक्रोमचा न उमटवलेला रोल सापडला, तर त्यातून जेमतेम कृष्णधवल चित्र काढता येईल. रंग येण्यासाठी लागणारी रसायने आणि ते काम करणारी यंत्रणा आता उरलेली नाही.

याउलट त्याहून कितीतरी जुनी कृष्णधवल फिल्म स्वयंपाकघरातल्या कॉफीत उमटते. कारण ही कृती एका कारखान्याच्या मालकीची राहिली नाही. ती तंबूत झाली, शाळेत शिकवली गेली, दादरच्या घरात रात्री जागून केली गेली. प्रत्येक टप्प्यावर ती करणाऱ्या माणसांना आपण काय करतो आहोत हे माहीत होते. मार्कंड्याच्या देवळांसारख्या गोष्टींच्या नोंदी पुढच्या पिढ्यांना मिळायच्या, तर त्या नोंदी वाचता येतील अशी कृतीही कुणाच्या तरी हातात राहायला हवी. मोबाइलमध्ये हजारो चित्रे साठवणाऱ्या मुलांशी यावर बोलण्यासारखे आहे : पन्नास वर्षांनी ही चित्रे उघडायला काय काय शिल्लक असावे लागेल?

वर्गात सुरुवात करायची तर कॅमेराही नको. लाल दिव्यात फोटोच्या कागदावर मोहाचे किंवा सागाचे कोवळे पान ठेवा, साधा दिवा क्षणभर लावून विझवा आणि कागद कॉफीच्या द्रावणात घाला. पानाची पांढरी आकृती काळ्यावर हळूहळू उमटताना मुलांना बघू द्या.

वापरलेला हायपो मात्र विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका. त्यात विरघळलेली चांदी असते आणि ती पाण्यातल्या जिवांना अपायकारक आहे. तो बाटलीत जमा करा आणि त्यात घासून लख्ख केलेली तांब्याची तार बुडवून ठेवा. थोड्या वेळाने तारेवर रुपेरी-करडा थर चढलेला दिसेल. विस्थापन अभिक्रियेचा धडा त्या दिवशी वेगळा घ्यावा लागणार नाही.